‘मी’चे लिंग आणि शरीराची साक्ष: शॉन डॉर्सी यांच्या ‘लू’ या नृत्यनाट्याच्या निमित्ताने

१

मराठीत आत्मचरित्राचा विचार बहुतांशी ‘प्रांजळपणा’ या मूल्याभोवती होत आलेला आहे. निवेदकाने स्वतःविषयी जे सांगितले ते खरे आहे काय, त्याने काही दडवले आहे काय, हे प्रश्न वाचक आणि समीक्षक दोघेही विचारत आले. ‘बलुतं’ (१९७८) प्रसिद्ध झाल्यानंतर दलित स्वकथनांविषयी जी चर्चा झाली, तीत या प्रश्नाला वेगळे रूप आले. ही स्वकथने सामाजिक दस्तऐवज मानावयाची की कलाकृती, असा तो पेच होता. दस्तऐवज म्हटले की पुरावा आला, आणि पुरावा म्हटला की तो तपासणारा अधिकारी आला. समीक्षकाने ही भूमिका नकळत स्वीकारली, हे त्या चर्चेकडे मागे वळून पाहताना जाणवते.

निवेदकाचे विधान स्वतःच्या लिंगभावाविषयीचे असते, तेव्हा पुराव्याची ही मागणी थेट शरीरापर्यंत जाऊन पोहोचते. जन्माच्या वेळी नोंदले गेलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारा लिंगभाव यांत अंतर असणारी, म्हणजे पारलिंगी, व्यक्ती जेव्हा ‘मी’ म्हणते, तेव्हा ऐकणारा तिच्या शब्दांकडून तिच्या देहाकडे वळतो. शब्द आणि देह जुळतात की नाही हे पाहण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे तो गृहीत धरतो. अशा ‘मी’ला रंगमंचावर आणणाऱ्या कलावंतापुढील अडचण त्यामुळे दुहेरी असते. नृत्य हे शरीराचे माध्यम आहे, आणि शरीर समोर आले की पुराव्याची मागणीही समोर येते.

कॅनडातील व्हँकूव्हर येथे जन्मलेले आणि सॅन फ्रान्सिस्को ही कर्मभूमी मानलेले पारलिंगी नृत्यरचनाकार शॉन डॉर्सी यांनी ही अडचण कशी हाताळली, याचा विचार येथे करावयाचा आहे. डॉर्सी यांनी २००२ मध्ये ‘फ्रेश मीट प्रॉडक्शन्स’ ही संस्था स्थापन केली. नृत्य, लिखित संहिता, ध्वनिमुद्रित निवेदन, संगीत आणि नाट्य यांच्या संयोगातून त्यांचे प्रयोग उभे राहतात. बहुमाध्यमी रंगभूमी म्हटले की पडदे आणि चलत्प्रतिमा डोळ्यांपुढे येतात. डॉर्सी यांचा भर मात्र ध्वनीवर आहे. ‘अनकव्हर्ड: द डायरी प्रोजेक्ट’ (२००९) या त्यांच्या प्रयोगातील ‘लू’ ही रचना या दृष्टीने विशेष विचारात घेण्याजोगी आहे, कारण तिची संहिता एका रोजनिशीतून सिद्ध झालेली आहे.

२

ती रोजनिशी लू सलिव्हन यांची. १९५१ साली अमेरिकेतील मिल्वॉकी येथे एका कॅथलिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला आणि मुलगी म्हणून ते वाढवले गेले. दहाव्या वर्षापासून, म्हणजे १९६१ पासून, त्यांनी रोजनिशी लिहावयास सुरुवात केली आणि ती अखेरपर्यंत चालू ठेवली. १९७५ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोला आले. पुरुष म्हणून जगण्याची त्यांची ओढ जितकी तीव्र होती तितकेच पुरुषांविषयीचे आकर्षणही होते. लिंगबदलाचे उपचार देणाऱ्या त्या काळातील वैद्यकीय व्यवस्थेला हे आकलन होण्याजोगे नव्हते. स्त्रीच्या देहात जन्मलेला ‘खरा’ पुरुष स्त्रीवरच प्रेम करील, असे तिचे गृहीतक होते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या उपचार-कार्यक्रमाने सलिव्हन यांना नाकारले ते याच कारणाने. पुढे त्यांनी अन्यत्र उपचार घेतले. १९८६ मध्ये त्यांनी आपल्यासारख्या व्यक्तींसाठी एक मंडळ सुरू केले आणि लैंगिक आकर्षणाची दिशा हा उपचार नाकारण्याचा निकष असू नये, यासाठी वैद्यकीय तज्ज्ञांशी सातत्याने वाद घातला. त्याच वर्षी त्यांना एच.आय.व्ही.ची बाधा झाल्याचे निदान झाले. २ मार्च १९९१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षात, एड्सने त्यांचे निधन झाले. ज्यांनी समलिंगी पुरुष म्हणून जगण्यास आपल्याला अपात्र ठरवले त्यांना आपले मरण काय उत्तर देत आहे, यातील कठोर उपरोध खुद्द सलिव्हन यांनाही ठाऊक होता.

या चरित्रातील एक तपशील साहित्याच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाचा वाटेल. सलिव्हन यांच्याविषयी दोन प्रकारचे आत्मकथन उपलब्ध आहे. एक रोजनिशीतले, दुसरे, १९८८ ते १९९० या काळात मनोविकारतज्ज्ञ आयरा पॉली यांनी चित्रमुद्रित केलेल्या मुलाखतींतले. मुलाखतीत प्रश्न विचारणारा वैद्य समोर बसलेला आहे. त्याची सहानुभूती निःसंशय आहे. तथापि प्रश्नांचा क्रम त्याचा आहे आणि उत्तरांना त्या क्रमात बसावे लागते. रोजनिशीला असा प्रश्नकर्ता नाही. तीत सुसंगतीची सक्ती नाही, आणि आज लिहिलेले उद्या खोडले तरी कोणाला उत्तर द्यावे लागत नाही. सँडी स्टोन यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या सुपरिचित निबंधात दाखवून दिले, की पारलिंगी व्यक्तींची आत्मकथने वैद्यकीय व्यवस्थेला अपेक्षित असलेल्या कथानकाच्या साच्यात ओतली जात होती. उपचार हवे असतील तर कोणती कहाणी सांगावी लागते, हे रुग्णांना ठाऊक झालेले होते. आणि तीच कहाणी पुन्हापुन्हा ऐकून वैद्यांचा आपल्या निकषांवरील विश्वास दृढ होत होता. सलिव्हन यांना साच्याबाहेरची कहाणी सांगितल्याची किंमत मोजावी लागली. रोजनिशी मात्र त्या साच्याबाहेरच लिहिली जात होती.

फिलिप लजन यांनी १९७५ मध्ये मांडलेला ‘आत्मचरित्रात्मक करार’ही येथे अपुरा पडतो. लेखक, निवेदक आणि चरित्रनायक यांची नावे एकच असणे, ही त्या कराराची मूळ अट. दहाव्या वर्षी वही उघडणाऱ्या मुलीचे नाव आणि चाळिशीकडे आलेल्या पुरुषाचे नाव जेथे एक नाही, तेथे तीन दशके अखंड राहिलेली वस्तू एकच: ती लिहिण्याची सवय.

३

या रोजनिशीचा मराठी अनुवाद करावयाचा झाल्यास पहिल्याच पानावर अडखळावे लागेल. इंग्रजीतील प्रथमपुरुषी क्रियापद कर्त्याचे लिंग सांगत नाही. मराठीत ते लपवणे फार कठीण. ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’, ‘मी पाहतो’ किंवा ‘मी पाहते’: यांपैकी एक निवडल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. ‘मी वही उघडली’ अशा सकर्मक भूतकाळी रचनेत क्रियापद कर्माशी जुळत असल्याने कर्ता काही काळ सुटतो. परंतु पुढच्याच वाक्यात तो पुन्हा सापडतो. दहा वर्षांच्या सलिव्हनने कोणते क्रियापद वापरावे? ‘गेले’ लिहावे तर पुढील सगळे आयुष्य खोटे पाडल्यासारखे होते. ‘गेलो’ लिहावे तर जी ओळख अद्याप शब्दांत यावयाची आहे ती आयती बहाल केल्यासारखे होते. आणि मध्येच कोठे तरी एका विशिष्ट नोंदीपासून ‘ले’चे ‘लो’ करावे, तर एका दिवसात न घडलेल्या गोष्टीला अनुवादकाने दिनांक दिला, असे होईल. मूळ संहितेत जे अनिर्णित राहू शकते त्यावर मराठी व्याकरण निर्णय मागते.

रंगमंचावरील शरीर या बाबतीत मराठी क्रियापदासारखे वागते. नर्तक प्रकाशात आला, की प्रेक्षक त्याचे लिंग वाचून मोकळा होतो. रोजनिशीतील ‘मी’ला जी मोकळीक होती ती देहाला मिळत नाही. एखाद्या कलावंताने सलिव्हन यांची ‘भूमिका’ करावयाचे ठरवले असते, तर प्रेक्षकाचे लक्ष अपरिहार्यपणे एकाच प्रश्नाकडे गेले असते: हे शरीर मुळात कोणते, आणि ते त्या पुरुषाशी कितपत जुळते? म्हणजे वैद्याच्या खोलीतील तपासणी नाट्यगृहात आली असती, आणि या खेपेला तिकीट काढून.

डॉर्सी यांनी हे टाळले ते आवाज आणि शरीर यांची फारकत करून. सलिव्हन यांच्या नोंदींवर आधारलेले निवेदन ध्वनिमुद्रित आहे; ते संगीतात मिसळून प्रेक्षागृहात ऐकू येते. रंगमंचावर चार नर्तक आहेत, त्यांपैकी एक स्वतः डॉर्सी. आवाज एक आणि देह चार, अशी ही मांडणी आहे. ‘मी’ ऐकू येतो, पण तो उच्चारणारे तोंड समोर दिसत नाही. त्यामुळे ‘मी’ हा शब्द कोणत्याही एका देहावर पक्का बसवून, दोन्ही जुळतात की नाही हे पाहण्याची सोय प्रेक्षकाला उरत नाही. डॉर्सी स्वतः पारलिंगी आहेत हे प्रेक्षकाला ठाऊक असेलही. परंतु रचना त्या माहितीच्या आधारावर उभी नाही. नर्तक एकमेकांचा भार घेतात, एकमेकांना सावरतात, एकत्र हालतात; आणि ज्या पुरुषत्वाविषयी निवेदन बोलते ते या चौघांच्या परस्परसंबंधात आकाराला येते. शरीर येथे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केलेले नाही. ते सोबत करते.

आत्मचरित्राच्या सिद्धांताच्या दृष्टीने हा बदल मूलगामी आहे. स्वकथनातील ‘मी’ला सत्यत्व देणारी गोष्ट कोणती, या प्रश्नाला ‘लू’ असे उत्तर देते, की तो ‘मी’ वाहून नेण्यास इतर देह तयार होणे, यातून ते सत्यत्व येते. पडताळणी आणि स्वीकार या दोन भिन्न क्रिया आहेत, हे ही रचना दृश्य करून दाखवते.

४

आवाज एकाचा आणि अभिनय दुसऱ्याचा, ही व्यवस्था भारतीय प्रेक्षकाला नवी नाही. आपल्या अनेक शास्त्रीय नृत्यशैलींत गायक बाजूला बसून पद गातो आणि नर्तक त्याचा अभिनय करतो; वाचिक एकाकडे आणि आंगिक दुसऱ्याकडे. ओडिसीचे गुरू केलुचरण महापात्र (१९२६–२००४) वार्धक्यातही अष्टपदीतील राधा साकारत, तेव्हा तिचा आवाज दुसऱ्याचा असे आणि देह एका वृद्ध पुरुषाचा. तरीही रसिकाला राधा दिसत असे. परंतु साम्य येथेच संपते. अभिनयात देह पदाचे विवरण करतो: शब्द ‘नेत्र’ असेल तर हस्त नेत्राकडे जातो, आणि संचारीभावांतून त्या शब्दाचा विस्तार होतो. ‘लू’मध्ये देह निवेदनाचे विवरण जेथे टाळतो, तेथेच तो प्रभावी ठरतो.

दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. नाट्यशास्त्राने पात्र आणि नट यांच्या संबंधाचे अनुरूपा, विरूपा आणि रूपानुसारिणी असे प्रकार सांगितले. पुरुषाने स्त्रीची किंवा स्त्रीने पुरुषाची भूमिका करणे हे यांपैकी तिसऱ्यात येते. या विभागणीमागे एक गृहीतक आहे: नटाचे मूळ रूप आधीच निश्चित आहे, आणि प्रेक्षकाला ते ठाऊक आहे. बालगंधर्वांच्या भामिनीचा किंवा रुक्मिणीचा आनंद या जाणिवेत गुंतलेला होता. शालू नेसून समोर उभी असलेली स्त्री हा नारायण श्रीपाद राजहंस नावाचा पुरुष आहे, हे माहीत असण्यातच त्या विस्मयाचे मर्म होते. भूमिका संपली की रंग उतरत असे. पारलिंगी व्यक्तीच्या बाबतीत उतरवण्याजोगा रंग नसतो. तिच्या लिंगभावाला ‘भूमिका’ म्हणणे ही सहानुभूतीच्या शब्दांतून केलेली अवहेलना ठरते.

ज्यूडिथ बटलर यांच्या ‘जेंडर ट्रबल’ (१९९०) या ग्रंथानंतर लिंगभाव हा कृतींच्या पुनरावृत्तीतून घडतो हा विचार सर्वत्र रूढ झाला, आणि त्याचबरोबर ‘लिंगभाव म्हणजे नाटकच’ असा त्याचा सोपा अर्थही रूढ झाला. बटलर यांना तो अभिप्रेत नव्हता, हे त्यांनी पुढे स्पष्ट केले. जे प्रॉसर यांनी ‘सेकंड स्किन्स’ (१९९८) मध्ये या सिद्धांतालाच आव्हान देऊन, पारलिंगी व्यक्तीला आपला देह राहण्याजोगा हवा असतो, केवळ चिन्हांचा खेळ तिला पुरत नाही, अशी मांडणी केली. या वादात ‘लू’ कोठे बसते? आवाज आणि देह यांची फारकत पाहून तिला चिन्हांच्या खेळाच्या बाजूला ठेवण्याचा मोह होईल. परंतु नृत्यातील देहाला वजन असते, दम लागतो, घाम येतो. सलिव्हन यांची आयुष्यभराची मागणी देहाविषयीचीच होती, आणि त्यांचा अंतही देहाच्या आजाराने झाला. हे चार घामेजलेल्या शरीरांच्या सान्निध्यात ऐकताना देह हा केवळ संकेत राहत नाही. देहाचे वास्तव पूर्णपणे मान्य करूनही त्याला पुरावा म्हणून वापरण्यास नकार देणे, ही या रचनेची सैद्धांतिक कमाई होय.

५

या कमाईबरोबर येणाऱ्या मर्यादांकडेही पाहिले पाहिजे. पहिली मर्यादा रंगभाषेची. निवेदन सलग आणि अर्थवाही असले, की प्रेक्षकाचे कान डोळ्यांवर मात करतात. डॉर्सी यांची लेखनशैली भावनेला थेट हात घालणारी आहे. त्यामुळे काही वेळा शब्द आधीच सर्व सांगून टाकतात आणि नृत्याकडे केवळ त्यांना दुजोरा देण्याचे काम उरते. अशा वेळी ज्या ‘विवरणा’पासून ही रचना दूर जाऊ पाहते त्याकडेच ती परत येते. एड्सच्या साथीच्या पहिल्या वर्षांतून वाचलेल्यांच्या मुलाखतींवर आधारलेल्या ‘द मिसिंग जनरेशन’ (२०१५) मध्ये ही अडचण काहीशी कमी झालेली आहे. तेथे एकच निवेदक नाही. अनेक साक्षीदारांचे मूळ आवाज ध्वनिपटात येतात, आणि त्या आवाजांचे पोत, थांबे, कंप हेच संगीताचे द्रव्य होते. वाचिकाचा अर्थ सैल होतो तेव्हा आंगिकाला अवकाश मिळतो.

दुसरी मर्यादा नैतिक स्वरूपाची आहे. सलिव्हन यांनी रोजनिशी लिहिली. तिच्यातील नोंदी निवडल्या डॉर्सी यांनी. दिवंगत व्यक्तीला ‘पूर्वज’ म्हणून उभे करताना तिच्यातील विसंगतींना थोडी कात्री लागतेच. सलिव्हन यांच्या नोंदींतील बेबंद, चावट, प्रसंगी आत्मकेंद्री माणूस किती विपुल होता, हे २०१९ मध्ये ‘वुई बोथ लाफ्ड इन प्लेझर’ या नावाने रोजनिशीची निवड ग्रंथरूपात आल्यानंतर सर्वांना वाचावयास मिळाले. रंगमंचावरील ‘लू’ त्या मानाने अधिक एकसंध आहे. मराठीत ‘शब्दांकन’ या प्रकाराने हाच प्रश्न निर्माण केलेला आहे. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ (२०१२) हे वैशाली रोडे यांनी शब्दांकित केलेले आत्मकथन वाचताना आवाज एकीचा आणि लेखणी दुसरीची, हे विसरता येत नाही. हा दोष आहे असे नव्हे; परंतु मधल्या हाताचा विचार समीक्षेने केला पाहिजे.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर, आणि ती एकट्या डॉर्सी यांची नाही. सलिव्हन यांची कागदपत्रे सॅन फ्रान्सिस्कोतील समलिंगी आणि पारलिंगी इतिहासाच्या अभिलेखागारात सुरक्षित आहेत. ज्या इतिहास-मंडळातून ते अभिलेखागार उभे राहिले त्याच्या संस्थापक सदस्यांपैकी सलिव्हन स्वतः एक होते. त्यांनी जॅक गारलंड (१८६९–१९३६) या, स्त्री म्हणून जन्मून पुरुष म्हणून जगलेल्या गृहस्थाचे चरित्र लिहिले आणि ते १९९० मध्ये, म्हणजे स्वतःच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, प्रसिद्ध झाले. गारलंडपासून सलिव्हनपर्यंत आणि सलिव्हनपासून डॉर्सीपर्यंत ही परंपरा कागदावरून चालत आलेली आहे. ज्यांनी लिहिले, ज्यांना लिहिण्याची सवड, साक्षरता आणि वही ठेवण्यास सुरक्षित जागा होती, तेच या परंपरेत येऊ शकतात. तमाशातील नाच्याने किंवा यल्लमाच्या जोगत्याने रोजनिशी लिहिली नाही. त्यांचा ‘मी’ गाण्यात, चालीत, हावभावात राहिला आणि देहाबरोबर गेला. मराठी रंगभूमीने डॉर्सी यांच्या पद्धतीचा विचार करावयाचा झाल्यास तिला प्रथम या प्रश्नाला सामोरे जावे लागेल: जेथे वाचिकच उरलेले नाही, तेथे नव्या देहांनी सोबत कोणाच्या आवाजाला करावयाची?

६

या प्रश्नाचे उत्तर अभिलेखागारात नसेल, तर ते कोठे शोधावे याचे एक सूचन डॉर्सी यांच्या पुढील वाटचालीत आहे. ‘द लॉस्ट आर्ट ऑफ ड्रीमिंग’ (२०२२) या प्रयोगात ते भूतकाळाकडून भविष्यकाळाकडे वळले. पारलिंगी आणि समलिंगी व्यक्तींनी आपल्या भविष्याची कल्पना करण्याचा अधिकार परत मिळवणे, हा त्याचा विषय. दस्तऐवजांतून पूर्वज शोधणाऱ्या कलावंताने स्वप्नाकडे वळावे, यात काहींना पलायन दिसेल. तथापि पुराव्याच्या दृष्टीने पाहता या दोन टप्प्यांत एक सूत्र आहे. भूतकाळाविषयीच्या विधानाला पुरावा मागता येतो. भविष्याविषयीच्या विधानाला तो मागता येत नाही.

मराठी व्याकरणाने ही गोष्ट आपल्यापुरती केव्हाच मान्य केलेली आहे. ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांत ते भेद करते, ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यांतही करते. ‘मी जाईन’ असे म्हणणाऱ्याला मात्र ते काही विचारत नाही. ‘मी राहीन’, ‘मी लिहीन’, ‘मी नाचेन’: प्रथमपुरुषी एकवचनी भविष्यकाळात मराठी ‘मी’ला लिंग नाही. सलिव्हन यांच्या रोजनिशीच्या भावी मराठी अनुवादकाला या काळाचा आधार फार थोड्या वाक्यांपुरता मिळेल. स्वकथनाच्या मराठी समीक्षकाला मात्र त्यातून एक दिशा घेता येण्याजोगी आहे. समोरच्या ‘मी’ने दिलेली साक्ष तपासण्याआधी, तो ‘मी’ काय होऊ पाहतो आहे हे ऐकून घेणे, ही समीक्षेची पहिली जबाबदारी होय.